दोन्ही डावे

रविवारी टोमॅटोंना सुट्टी नसते,
तरी बाबांनी हरितगृहाचं दार ओढून घेतलं,
प्लास्टिकच्या छताखालचा तो ओला उकाडा
कडी लावून आत कोंडला,
आणि आम्ही निघालो साक्लिकेंतला.
डोंगराला तिथे उभी चीर पडली आहे.
नावाचा अर्थ, लपलेलं शहर.
शहर कसलं, नुसता दगड आणि पाणी,
असं म्हणत बाबांनी अकरा वर्षं टाळलं होतं.

तोंडाशीच भाड्याच्या बुटांचा ढीग.
एक म्हातारा त्यातून जोड काढून फेकत होता
मासे निवडावेत तसा.
इल्गाझला मोठे आले, मला फाटके,
बाबांनी तीनदा बदलून घेतले, वर घासाघीस केली.
आई मिळाले ते घालून उभी.
घरातही ती डावं-उजवं कधी करत नसे,
सगळ्यांना सारखं वाढायची,
स्वतःला, उरलं तर.

मग पाणी.
पाठीवर ऑगस्टची दुपार आणि घोट्यांशी
तोरोसच्या माथ्यावरचं वितळलेलं बर्फ.
इल्गाझ किंचाळला.
बाबाही किंचाळले असते, खोकल्यावर निभावलं.
दोर धरून, एकमेकांचे शर्ट मुठीत धरून
आम्ही पलीकडे गेलो,
आणि भिंती जवळ आल्या.
इतक्या जवळ, की आकाश
कमरेच्या पट्ट्याएवढं उरलं.

बाबा बोलत होते. पूर कुठवर चढतो,
कुठल्या मेंढपाळाची शेळी हरवली
आणि तिला शोधता शोधता ही घळ कशी सापडली.
'आणि शेळी?' इल्गाझने विचारलं.
ते काही गोष्टीत नव्हतं.

पुढे कमरेएवढा डोह लागला, दुधट, थंडगार.
बस, इथवरच, बाबा म्हणाले,
खाली ट्राउट मासे आपल्यासाठी खोळंबलेत.
आम्ही वळलो.
आईने माझ्या हातात गाठोडं दिलं,
उकडलेली अंडी, कागदात मीठ.
'धर,' म्हणाली,
आणि डोहात उतरली.
तिची सलवार पाण्यावर फुगली, निळी,
मग बसली,
मग वळणाआड गेली.

बाबा हसले.
मग त्यांनी घड्याळ पाहिलं.
मग पाहायचं बंद केलं.
भिंतीवरचा उन्हाचा चट्टा वीतभर सरकला,
इल्गाझने दोन अंडी खाल्ली, मिठाशिवाय.

शेवटी बाबांनी तोंडाभोवती हात धरले:
'नेसिबे!'

घरात ते तिला 'ऐकलंस का' म्हणायचे,
फार तर 'अगं'.
हे नाव मी वाचलं होतं
दवाखान्याच्या कार्डावर, एकदा वीजबिलावर.
आवाजात कधी ऐकलं नव्हतं.
दगडाने ते घेतलं,
जरा ठेवून घेतलं,
आणि तुकड्यातुकड्यांनी परत केलं,
सिबे, इबे, बे...
बाबा दचकले. आणि पुन्हा हाक मारली,
या वेळी हळू,
जणू दगडाला नाही, तिलाच.

ती आली.
केस ओले, रुमाल गळ्यात,
गुडघा खरचटलेला.
काय होतं पुढे?
तिने पिळून पिळून ओचा कोरडा केला.
'एक अंजिराचं झाड,' म्हणाली. 'भिंतीतून आलेलं.
मातीबिती काही नाही.'
एवढंच. फळं होती का, तेही सांगितलं नाही.

मासे खाल्ले. बाबांनी तिच्या ताटातला काटा काढला,
न बोलता; आम्ही न पाहिल्यासारखं केलं.

बूट परत देताना म्हातारा थबकला.
आईचा जोड उलटा करून पाहिला,
चष्मा वर करून पुन्हा पाहिला.
'बाई, हे दोन्ही डावे आहेत!
एवढं अंतर गेलात कशा?'

आई वाळूत अनवाणी उभी होती,
उजव्या पायाची बोटं लालभडक,
ती एकेक करून उघडत, मिटत.

'चालले की,' ती म्हणाली.